हायसेकमधलं खाणकाम सोडून लढाईत उतरायचंय, सुरुवात कुठून करू?

देवगडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोन वर्षं ईव्ह ऑनलाइन या अवकाशयानांच्या ऑनलाइन खेळात हायसेकच्या सुरक्षित भागात खाणकाम केलंत. आता लढाई शिकायची आहे आणि जमलं तर पुढे टूर्नामेंटच्या पातळीवर खेळायचं आहे. मर्लिन हे फ्रिगेट, म्हणजे छोटं लढाऊ जहाज, घेऊन लोसेकच्या कमी सुरक्षित भागात गेलात, चार जहाजं गेली. विचारलंय ते तीन गोष्टींबद्दल: स्किल पॉइंट (खेळातली कौशल्यं शिकताना साठणारे गुण) कमी असल्यामुळे हरतोय का, कोकणातल्या नेटवर लढता येतं का, आणि मर्लिन सोडून दुसरं कोणतं जहाज घ्यावं.

या तिन्हींची उत्तरं देतो. पण तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य येऊन गेलंय: "चारही वेळा मला शत्रूच्या जवळ पोहोचताच आलं नाही." माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. तो सुटला की जहाज कोणतं घ्यायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल, आणि तो सुटला नाही तर कितीही महाग जहाज घ्या, ते असंच जाईल.

आधी स्किल पॉइंटचं. समोरच्याकडे दहा कोटी पॉइंट होते म्हणून तुम्ही हरलात असं तुम्हाला वाटतंय. ईव्हमध्ये कोणतंही स्किल पाचव्या पातळीच्या वर जात नाही. त्या माणसाच्या दहा कोटींतले बहुतेक पॉइंट मोठ्या जहाजांत, उत्पादनात, व्यापारात अडकलेले असतात. फ्रिगेट उडवताना त्यांचा काडीचाही उपयोग नाही. शिवाय पातळ्यांचा हिशेब बघा. सगळ्यात सोप्या दर्जाच्या स्किलला चौथ्या पातळीपर्यंत एकूण ४५,२५५ पॉइंट लागतात आणि पाचव्या पातळीपर्यंत २,५६,०००. म्हणजे शेवटच्या एका पायरीला आधीच्या चार पायऱ्यांच्या कितीतरी पट वेळ जातो, पण ती पायरी देते आधीच्या प्रत्येक पायरीएवढंच. जुने खेळाडू ज्यांना 'मॅजिक फोर्टीन' म्हणतात ती जहाजाच्या मूळ क्षमतेची चौदा स्किल चौथ्या पातळीवर आणा, सोबत तुमच्या तोफांची आणि फ्रिगेटची स्किल, आणि जहाजाचे भाग तापवून, म्हणजे क्षमतेपलीकडे ताणून, वापरता यावेत म्हणून थर्मोडायनॅमिक्स. एवढ्यावर फ्रिगेटची लढाई बरोबरीने लढता येते. ओमेगाचे, म्हणजे सशुल्क खात्याचे, पैसे आत्ताच भरू नका. फुकटच्या अल्फा खात्यावर चारही साम्राज्यांची साधी फ्रिगेट उडवता येतात, आणि पहिले काही महिने तुम्हाला तेवढीच लागणार आहेत.

नेटचंही तसंच. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर या खेळाचा सर्व्हर एकच, लंडनमधला. आपल्याकडून पिंग (संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे-दोनशे मिलिसेकंद आला तर घाबरू नका. ईव्हचं जग सेकंदाला एकदाच पुढे सरकतं. तुम्ही दिलेली आज्ञा पुढच्या ठोक्याला अमलात येते आणि लंडनमध्ये बसलेल्या माणसाचीही तशीच. नेम धरून गोळ्या झाडण्याच्या खेळांत जो पिंग जीव घेतो, तो इथे जवळजवळ निरुपद्रवी आहे. आपल्याकडे खरा त्रास आहे तो कनेक्शन तुटण्याचा. त्यावर शेवटी लिहितो.

आता मुद्द्याचं. तुम्ही पाठवलेल्या किलमेलमध्ये, म्हणजे जहाज पडल्यावर येणाऱ्या अहवालात, दिसतंय की तुमच्या मर्लिनवर ब्लास्टर (जवळून मारणाऱ्या तोफा) होते, वेग वाढवणारा आफ्टरबर्नर होता, शत्रूला निसटू न देणारा स्क्रॅम्बलर आणि त्याचा वेग कमी करणारा वेबही होता. समोर केस्ट्रेल हे फ्रिगेट होतं, लाइट मिसाइल आणि वॉर्प डिसरप्टर लावलेलं. तुम्हीच लिहिलंय की लढाई सुरू झाली तेव्हा अंतर २२ किलोमीटर होतं. लहान ब्लास्टरची खरी ताकद दोन-तीन किलोमीटरच्या आत. साधा स्क्रॅम्बलर साडेसात किलोमीटरपर्यंत पकडतो, टेक टू, म्हणजे सुधारित, नऊपर्यंत, वेब दहापर्यंत. याउलट टेक टू डिसरप्टर २४ किलोमीटरवरून तुम्हाला वॉर्प करू (दूर झेप घेऊन निसटू) देत नाही आणि लाइट मिसाइल त्याहून लांब जातात. केस्ट्रेलवर मायक्रोवॉर्पड्राइव्ह असणार, म्हणजे तुमच्या आफ्टरबर्नरपेक्षा बराच जास्त वेग. तुम्ही त्याच्याकडे झेपावत राहिलात, तो मागे सरकत राहिला आणि मिसाइल सोडत राहिला. त्या क्षणी कुठलंही बटण दाबून ही लढाई जिंकता आली नसती. तुम्ही कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे लढाईच्या मैदानात, नेणाऱ्या ॲक्सेलरेशन गेटमधून आत शिरलात तेव्हाच ती हरली होती.

म्हणून माझं सगळं शिकवणं एका प्रश्नाभोवती फिरतं: ही लढाई किती अंतरावर होणार आणि ते अंतर कोण ठरवणार? फ्रिगेटच्या लढाईत ढोबळमानाने तीन अंतरं असतात. अगदी चिकटून, जिथे ब्लास्टर आणि ऑटोकॅनन राज्य करतात. सात ते नऊ किलोमीटरवर, म्हणजे स्क्रॅम्बलरच्या टोकाला, जिथे रॉकेट किंवा रेलगनवाला वेब आणि स्क्रॅमने तुम्हाला हातभर लांब ठेवतो. आणि वीसच्या आसपास, जिथे मायक्रोवॉर्पड्राइव्ह आणि डिसरप्टरवाले असतात. प्रत्येक जहाज यातल्या एका अंतरासाठी सजवलेलं असतं. ज्याच्या अंतरावर लढाई होते तो बहुधा जिंकतो. चालवणाऱ्याचं कौशल्य त्यानंतर मोजायचं.

मग मर्लिनसारख्या चिकटून लढणाऱ्या जहाजाने आपलं अंतर कसं मिळवायचं? यासाठी नवशिक्याला फॅक्शनल वॉरफेअरइतकी, म्हणजे साम्राज्यांमधल्या युद्धाइतकी, चांगली शाळा नाही. २००८ मध्ये हा प्रकार खेळात आला. कॅल्डारी विरुद्ध गॅलेंटे किंवा अमार विरुद्ध मिन्मतार, यांतली एक बाजू घ्या. शत्रूच्या मिलिशियाला (त्या बाजूच्या खेळाडूंना) मारल्याने सिक्युरिटी स्टेटस, म्हणजे कायद्याच्या नजरेतली पत, घसरत नाही, आणि लढाया कॉम्प्लेक्सच्या आत होतात. या कॉम्प्लेक्सच्या गेटवर जहाजाच्या आकाराची मर्यादा असते. सगळ्यात लहान कॉम्प्लेक्समध्ये फक्त फ्रिगेट जातात. उथळ खाडीत मोठं गलबत शिरत नाही तसंच हे. तुम्ही आत असाल तर बाहेर मोठं क्रूझर उभं असलं तरी ते आत येऊन तुम्हाला चिरडू शकत नाही.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही की जो बाहेरून गेट घेऊन आत येतो तो कॉम्प्लेक्सच्या बीकनजवळ, म्हणजे खुणेच्या जागेजवळ, उतरतो. कुठे उतरायचं हे त्याच्या हातात नसतं. आधीपासून आत असलेला मात्र बीकनपासून हव्या त्या अंतरावर थांबू शकतो. केस्ट्रेलवाला वीस-बावीस किलोमीटरवर थांबला होता तो योगायोगाने नव्हे. तुम्ही पाहुणे म्हणून गेलात. इथून पुढे यजमान व्हा. रिकाम्या कॉम्प्लेक्समध्ये शिरा, बीकनवर अगदी शून्यावर थांबा, कॉम्प्लेक्स ताब्यात घेण्याचा टायमर चालू द्या आणि येणाऱ्याला येऊ द्या. तो तुमच्यापासून फार तर दोन-तीन किलोमीटरवर उतरेल. स्क्रॅम्बलर लागला की त्याचा मायक्रोवॉर्पड्राइव्ह बंद पडतो, वर वेब. आता तेच केस्ट्रेल तुमच्या ब्लास्टरसमोर आहे. जहाजं तीच, खेळाडू तेच, फक्त आत कोण होतं ते बदललं.

कोण येतंय हे आधी कळायला हवं. त्यासाठी डिरेक्शनल स्कॅन. तो १४.३ एयूपर्यंतची (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर) जहाजं दाखवतो आणि त्याचा कोन पूर्ण ३६० अंशांपासून पाच अंशांपर्यंत लहान करता येतो. खाणकामात तुम्हाला याची सवय लागली नसेल. आता श्वासासारखी लागली पाहिजे. व्ही हे बटण काही सेकंदांनी दाबत राहायचं. स्कॅनमध्ये एक कॉंडोर दिसलं, मग ते ॲक्सेलरेशन गेटच्या दिशेने पाच अंशांत दिसलं, तर समजा तो येतोय. कॉंडोर एकटं असेल तर थांबा, ते लांबून लढणारं जहाज आहे आणि तुमच्याजवळ उतरलं तर त्याची गत वाईट. इन्कर्सस असेल तर दोनदा विचार करा. तेही ब्लास्टरवालं, शिवाय चिलखत दुरुस्त करत लढणारं. तीन जहाजं एकत्र दिसली तर दुसऱ्या ग्रहाकडे तोंड करून ठेवा आणि ती उतरण्याआधी निघून जा. निघून जाण्यात कमीपणा काही नाही. मी ज्यांच्याकडून शिकलो ते लढण्यापेक्षा न लढण्याचे निर्णय जास्त घेत असत.

जाता जाता एक गोष्ट. नोर्वुकायकेनहून तामात जाणारं गेट शक्यतो टाळा. हायसेकमधून उतरणाऱ्या नवख्यांची वाट बघत तिथे लोक बसलेले असतात. तुमचं दुसरं मर्लिन तिथेच गेलंय. त्यात शिकण्यासारखं एवढंच की मार्ग नकाशावर बघताना गेल्या तासात कुठे किती जहाजं पडली तेही बघायचं.

आता समजा चूक झाली आणि तुम्ही वीस किलोमीटरवरच्या शत्रूच्या तावडीत सापडलात, आणि तुमच्याकडे या वेळी मायक्रोवॉर्पड्राइव्ह आहे. थेट त्याच्याकडे जाऊ नका. लांबून लढणारे बरेच जण 'ऑर्बिट' किंवा 'कीप ॲट रेंज' अशी आज्ञा देऊन हात मोकळे ठेवतात. तुम्ही त्याच्यापासून दूर पळायला लागलात की त्याचं जहाज अंतर राखण्यासाठी आपोआप तुमच्या मागे येतं. त्याने वेग पकडला की एकदम वळा, मायक्रोवॉर्पड्राइव्ह तापवा, आणि त्याच्या दिशेने, किंचित त्याच्या पुढे रोख ठेवून झेपावा. त्याचं जहाज वळायला वेळ घेतं, त्या वेळात अंतर झपकन कमी होतं. स्क्रॅम्बलर तापवला की त्याची पोहोच २० टक्क्यांनी वाढते, म्हणजे टेक टूची नऊऐवजी १०.८ किलोमीटर होते. हा वाढलेला पावणेदोन-दोन किलोमीटरचा पट्टाच बऱ्याचदा निकाल लावतो. या सगळ्या डावाला स्लिंगशॉट म्हणतात. मित्राला केस्ट्रेलमध्ये बसवून एक संध्याकाळ फक्त एवढंच करा. वाचून ते कळतं, हाताला मात्र करूनच येतं.

तोफा लागत का नाहीत हेही अंतराशी जोडलेलं आहे. दोन जहाजं एकमेकांभोवती फिरताना कोनीय वेग वाढतो, आणि तो तोफेच्या ट्रॅकिंगपेक्षा, म्हणजे वळण्याच्या वेगापेक्षा, जास्त झाला की गोळे हुकतात. ब्लास्टर लवकर वळतात, रेलगन सावकाश. म्हणून रेलगनवाल्याच्या अगदी जवळ वेगाने फिरायचं, आणि ब्लास्टरवाल्यापासून शक्य असेल तर सात-आठ किलोमीटर राहायचं. खेळाच्या लॉग फाइलमध्ये प्रत्येक माऱ्यापुढे 'ग्रेझेस', 'ग्लान्सेस ऑफ', 'हिट्स', 'पेनिट्रेट्स', 'स्मॅशेस', 'रेक्स' असा शब्द असतो. ग्रेझेस आणि ग्लान्सेस भरपूर दिसले तर तुम्ही चुकीच्या अंतरावर किंवा चुकीच्या वेगाने लढत होता. प्रत्येक लढाईनंतर, जिंकलात तरी, तो लॉग उघडा. किलमेल फक्त शेवट सांगतो. सुरुवात लॉगमध्ये असते.

इथवरचं थोडक्यात: आत राहा, स्कॅन करत राहा, आपल्या अंतरावर येणाऱ्याशीच लढा, बाकीच्यांना सोडून द्या. म्हणून मर्लिन बदलू नका. एकाच पद्धतीने सजवलेली दहा मर्लिन एकदम घ्या आणि लढाईच्या भागाजवळच्या स्टेशनवर नेऊन ठेवा. खाणकामाच्या तुमच्या कमाईत ती सहज बसतात. दर वेळी नवं जहाज, नवी मांडणी केली तर हरण्याचं कारण जहाज होतं, मांडणी होती की तुम्ही, हे कधीच कळणार नाही.

हात थरथरतात असंही तुम्ही लिहिलंय आणि ते लिहिताना संकोच वाटला असं दिसतं. संकोच नको. या खेळात गेलेलं जहाज परत येत नाही, म्हणून शरीर ते खरं मानतं. जुन्या खेळाडूंनाही हे होतं. उपाय एकच, की लढाईत घ्यायचे निर्णय आधीच घेऊन टाकायचे. ओव्हरव्ह्यूमध्ये (आसपास काय आहे त्याच्या यादीत) फक्त लढाईला लागणाऱ्या गोष्टी ठेवा आणि अंतर, वेग, कोनीय वेग हे तीन रकाने दिसू द्या. बटणांचा क्रम पक्का करा: लॉक, स्क्रॅम, वेब, तोफा, मग तापवणं. कोणत्या टक्क्याला पळायचा प्रयत्न करायचा तेही आधी ठरवा. थरथर राहते, पण बोटं योग्य जागी जातात.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. तुमच्याकडे रोज एक तास असेल तर एकट्याने फॅक्शनल वॉरफेअर उत्तम. आठवड्यातून दोनदाच पण तीन-चार तास मिळत असतील तर लहान गटात जा. घड्याळही बघा. ईव्हचं घड्याळ यूटीसीवर चालतं. रोज यूटीसी ११ वाजता, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला, सर्व्हर थोडा वेळ बंद होतो. युरोपची गर्दीची वेळ आपल्याकडे रात्री साडेअकरानंतर सुरू होते. तुमची परीक्षा आणि वडिलांची बाग सांभाळून रोज पहाटेपर्यंत जागणं मी सुचवणार नाही. ऑस्ट्रेलियाची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार. तेव्हा माणसं कमी असतात, पण एकट्यादुकट्याची लढाई हवी असेल तर ती कमी गर्दी बरीच. आणि रविवारी आपल्या संध्याकाळी युरोपात दुपार असते. आमचा गट त्याच वेळेला निघतो, कारण जेवणाआधी दोन-तीन तास चांगले मिळतात.

गटात जायला तुम्ही कचरताय ते इंग्रजीमुळे, असं मला वाटतं. कुडाळ-सावंतवाडीची पोरंही मला हेच सांगतात. फ्लीटची भाषा फार छोटी आहे: अलाइन, वॉर्प, जंप, होल्ड, पॉइंट, प्रायमरी. "पॉइंट" म्हणायचं, म्हणजे मी याला धरलंय, पुढे जहाजाचं नाव. झालं तुमचं बोलणं. पहिले काही आठवडे माइक बंद ठेवून नुसतं ऐकलंत तरी कोणी हरकत घेत नाही. शिकवणारा गट हवा असेल तर ईव्ह युनिव्हर्सिटी २००४ पासून नवख्यांना शिकवतंय. तिथले वर्ग आणि मजकूर दोन्ही चांगले आहेत. गटात गेल्यावर पहिलं काम टॅकलरचं मागा, म्हणजे पळणाऱ्याला धरून ठेवणाऱ्याचं. स्वस्त जहाज, आणि अंतर राखण्याचा सगळा धडा त्यातच आहे.

तुम्ही बी-आर ५ आर बीच्या लढाईबद्दल वाचून या खेळात आलात. २७ जानेवारी २०१४ ला सुरू झालेली ती लढाई सुमारे २१ तास चालली आणि ७५ टायटन, म्हणजे खेळातली सगळ्यात मोठी जहाजं, पडली. ती वाचून अंगावर काटा येतो हे खरंच. पण तशा हजारोंच्या लढाईत सर्व्हर वेळ मंद करतो, दहा टक्क्यांपर्यंत, आणि साध्या खेळाडूचं काम सांगितलेल्या लक्ष्यावर मारा करत राहणं एवढंच असतं. तुम्हाला हवी ती स्पर्धा तिथे मिळणार नाही. अलायन्स टूर्नामेंट, जी २००५ मध्ये सुरू झाली, ती वेगळी आहे. तिथे संघ ठरलेल्या गुणांत जहाजं निवडतात, काही जहाजांवर बंदी घालतात, आणि मर्यादित मैदानात मर्यादित वेळ लढतात. तिथेही पहिला प्रश्न हाच असतो: आपला संघ कोणत्या अंतरासाठी बांधलाय आणि समोरचा कोणत्या. कॉम्प्लेक्समध्ये मर्लिनमधून शिकलेलं तिथवर उपयोगी पडतं. पण तिथे पोहोचायला संघ लागतो, आणि संघ तुम्हाला घेईल तो तुमच्या किल्समुळे नव्हे. तुम्ही ठरलेल्या वेळी येता, सांगितलेल्या अंतरावर राहता आणि लढाईनंतर नेमकं काय झालं ते सांगू शकता, म्हणून.

आता वीज आणि नेट. पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. लढाई सुरू नसताना कनेक्शन तुटलं तर जहाज आपोआप वॉर्प करून दूर जातं आणि मिनिटभरात अवकाशातून नाहीसं होतं. लढाईत असताना तुटलं, तर ते पंधरा मिनिटं अवकाशातच राहतं, आणि स्क्रॅम्बल झालेलं असेल तर वॉर्पही करू शकत नाही. राउटर इन्व्हर्टरवर घ्या किंवा राउटरपुरता छोटा बॅकअप घ्या. लॅपटॉपची बॅटरी चालते पण राउटर बंद पडतो, हे आपल्याकडे नेहमीचं. मोबाइलचं हॉटस्पॉट आधीच जोडून बघून ठेवा. आणि जून-जुलैत आभाळ भरून आलं असेल त्या संध्याकाळी फक्त मर्लिन उडवा, गटाचं महागडं जहाज घेऊ नका. दुसऱ्यांना सावरणारं लॉजिस्टिक्सचं जहाज तर अजिबातच नाही, कारण तुमची लाइन गेली की त्यांची जहाजं जातात.

दहा मर्लिन घेऊन लहान कॉम्प्लेक्समध्ये बसायला लागा. त्यातली पाच-सहा गेली की लॉगच्या फाइली मला पाठवा. प्रत्येकीसोबत दोनच गोष्टी लिहा: लढाई सुरू झाली तेव्हा अंतर किती होतं, आणि आत आधी कोण होतं. फिटिंगबद्दल, म्हणजे जहाजाच्या मांडणीबद्दल, तेव्हा बोलू.